तिसरा ठिपका

कशेळे, ता. कर्जत
१२ ऑक्टोबर २०२५

सिद्रा,

तुझी ईमेल मिळाली. पावणेतीन वर्षांनी आली आणि पहिल्याच ओळीत तू माझी खुशाली आटपून टाकलीस, म्हणून मीही आटपते. मी बरी आहे. साजगावला एका रंगाच्या कारखान्यात लॅबमध्ये आहे. सकाळी जीपने कर्जत, तिथून खोपोली, संध्याकाळी उलटं. लग्न केलेलं नाही. आई-बाबा ठीक. झालं.

उत्तर कागदावर लिहितेय याचं तुला हसू येईल. ईमेल लिहिली असती तर तू ती दोन मिनिटांत चौघांना पाठवली असतीस, ‘बघा, हर्षला काय म्हणते’ म्हणून. कागद पाठवायला निदान खुर्चीतून उठावं तरी लागतं. शिवाय हे पाकीट हॉलंडला पोचायला दहा-बारा दिवस लागतील. घाई तुला आहे, मला नाही.

तुझं मागणं मी तीनदा वाचलं. दुसऱ्या एका गटाने आपल्या त्या दीर्घिकांच्या समूहाचं जास्त वेळ प्रकाश साठवून नवं चित्र काढलं. त्यात त्यांना एक अंधुक, तिसरा ठिपका सापडला, आणि आता ते म्हणतात की तुझा आकडा चुकला. ज्या मासिकात तुझा पेपर आला त्यांनी विचारलंय की दोन्ही नकाशे खरंच एकमेकींना न दाखवता केले होते का. म्हणून मी दोन ओळी लिहून द्यायच्या: ‘माझा नकाशा मी स्वतंत्रपणे केला. त्याआधी सिद्राचा नकाशा किंवा आकडा पाहिला नव्हता.’ खाली सही, पाच डिसेंबरच्या आत. मजकूरही तूच टाइप करून पाठवलायस. मी फक्त अंगठा उठवायचा.

तुझ्या कायमच्या नोकरीसाठी समिती पंधरा डिसेंबरला बसणार आहे, हे तू शेवटून दुसऱ्या ओळीत लिहिलंस. पहिल्या ओळीत लिहिलं असतंस तरी मी काही बेशुद्ध पडले नसते. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं?

आता माझं ऐक. पुण्याच्या त्या खोलीत आपण दोघी अकरा महिने राहिलो. तू पीएच.डी. करत होतीस, मी सहा-सहा महिन्यांच्या करारावरची प्रकल्प सहायक, पण काम एकच करत होतो. त्या समूहातलं सगळं वस्तुमान कुठे किती आहे त्याचा नकाशा तू वेगळा केलास, मी वेगळा केला. तो समूह मागचा उजेड किती पट वाढवतो याचे आकडे बंद पाकिटात ठेवले आणि प्रकल्पाच्या सरांसमोर एकदम उघडले. तुझा सहाशे, माझा पाचशे ऐंशी. तू मला मिठी मारलीस. सरांनी चहा मागवला. पेपर आला तेव्हा वर तुझं, सरांचं आणि आणखी पाच जणांचं नाव होतं, आणि अगदी शेवटी, बारीक अक्षरात: ‘स्वतंत्र तपासणीसाठी ह. म्हसे यांचे आभार.’ मी आईला मोबाइलवर दाखवलं. ती म्हणाली, “ह म्हंजे तूच ना गं?”

मी विचारलं तेव्हा सर म्हणाले होते की तपासणारीच लेखकांच्या यादीत असली तर तपासणी स्वतंत्र कशी म्हणायची. तू तिथेच बसली होतीस आणि खिडकीबाहेर बघत होतीस. पुढे मी चार ठिकाणी अर्ज केले. प्रत्येकाने विचारलं, पेपर किती. मी म्हटलं, एकात आभार आहेत.

माझा आकडा तुझ्या आकड्याशी जुळला हे सात जणांच्या देखत झालं. आणखी काय लिहून हवंय? मी सही करणार नाही. कारण विचारू नकोस, ज्याचे नुसते आभार मानतात त्याला कारण विचारायची पद्धत नाही.

हर्षला


कशेळे
२६ ऑक्टोबर २०२५

सिद्रा,

माझं पत्र मिळालं असं दिसतं, कारण तुझी दुसरी ईमेल पहिलीपेक्षा गोड आहे. ‘झालं गेलं विसर.’ झालेलं तुझं झालं आणि गेलेलं माझं गेलं, तेव्हा विसरायचं काम कुणाकडे जास्त येतं ते बघ.

आज हे लिहायचं कारण वेगळं आहे. परवा चौकला तुझ्या वडिलांच्या काचेच्या दुकानात जाऊन आले. चाचांनीच फोन करून बोलावलं होतं. नाक्यावर तुझा फलक लागलाय, बघितलास का? तुझ्या भावाने, झैदने, फोटो पाठवलाच असेल. ‘विश्वातील पहिले तारे शोधणारी आपल्या मातीतील कन्या.’ तुझ्या डाव्या बाजूला एक नेते, उजव्या बाजूला दोन, आणि मध्ये तू, कॉलेजच्या ओळखपत्रावरच्या फोटोत. चौदा डिसेंबरला सत्कार आहे. तू येणार नाहीस म्हणून चाचा आणि हमिदा चाची व्यासपीठावर बसणार. चाचांनी नवा कुर्ता शिवायला टाकलाय.

ते म्हणाले, “बेटा, सिद्रा काय करते ते मला नीट सांग. स्टेजवर कोनी इचारलं नि मला सांगता नाय आलं तर पोरीची इज्जत जाईल.”

मग मी त्यांच्याच दुकानात त्यांना शिकवलं. भिंतीला एक जुनी जाड काच टेकवली होती, त्यातून समोरची वडापावची गाडी लांबडी दिसत होती आणि एका जागी तर दोन गाड्या दिसत होत्या. मी म्हटलं, चाचा, आकाशात शेकडो दीर्घिकांचा समूह असतो, तो इतका जड असतो की मागून येणारा उजेड वाकवतो. तो समूह म्हणजे ही काच. त्याच्या मागे फार फार लांब असलेली वस्तू त्यातून मोठी दिसते, ठळक दिसते, कधी दोन-तीन जागी दिसते. विश्वात पहिले तारे पेटले तेव्हा लोखंड नव्हतं, चुना नव्हता, श्वास घ्यायची हवा नव्हती. फक्त हायड्रोजन आणि हेलियम. बाकीचं सगळं मागून ताऱ्यांच्या पोटात शिजलं. ते पहिले तारे इतके लांब आहेत की कितीही मोठ्या दुर्बिणीला एकेकटे दिसायचे नाहीत. अशी नैसर्गिक काच मध्ये आली तरच आशा. सिद्राला एका काचेत एक ठिपका सापडला.

चाचांनी विचारलं, ठिपका पहिलाच तारा आहे हे कशावरून. त्यांचा प्रश्न सरांच्या प्रश्नापेक्षा नेमका होता. मी म्हटलं, काच वस्तू किती पट वाढवते त्यावरून. सहाशे पट वाढवत असेल तर मागची वस्तू मुळात अगदी लहान, एखादा तारा किंवा फार तर चार-सहा. कमी वाढवत असेल तर मागे हजारो ताऱ्यांची गर्दी आहे, आणि तशा गर्द्या सगळीकडे सापडतात.

“म्हंजे समदं काचेच्या मापावर,” ते म्हणाले.

मापाचं त्यांना कुणी सांगायला नको. दोन टेपांनी मापायची रीत त्यांच्याच दुकानातली ना? काच एकदा कापली की गेली, म्हणून चाचा एकदा मापणार, कारागीर अब्रार वेगळा मापणार, दोघे आपापल्या चिठ्ठीवर लिहिणार आणि मगच चिठ्ठ्या शेजारी ठेवणार. कुणी दुसऱ्याची चिठ्ठी आधी बघितली तर चाचा दोघांनाही परत मापायला लावतात. ही रीत तू पुण्यात आणलीस. सरांना ती फार आवडली, त्यांनी परिषदेत स्वतःची म्हणून सांगितली.

मग चाचांनी विचारलं की सिद्राचं माप दुसऱ्या टेपने कुणी तपासलं. मी म्हटलं, मी.

“मंग कायपन काळजी नाय,” ते म्हणाले. “तू तपासलंस म्हंजे बरोबरच आसंल.”

चाचींनी डबा भरून दिला होता तो मी कर्जतला जीपमध्येच विसरले. तुझ्या घरचं काही मी कधी विसरत नाही. माझी तेव्हाची वही घरी माळ्यावर आहे. काढलेली नाही. भातकापणी चालू आहे, वेळ कुणाला आहे.

हर्षला


कशेळे
९ नोव्हेंबर २०२५

सिद्रा,

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. वही काढलेली होती. तुझी पहिली ईमेल आली त्याच दिवशी माळ्यावर चढून काढली.

क्रमाने सांगते, नाहीतर मी पुन्हा वळसा घालीन. या आठवड्यात कारखान्यात चाळीस ड्रम परत आले. रंग पातळ निघाला. आमच्याकडे रंगाचा घट्टपणा मोजायची साधी पद्धत आहे: खाली भोक असलेल्या कपात रंग भरायचा आणि तो रिकामा व्हायला किती सेकंद लागतात ते मोजायचं. एक रीडिंग माझं, दुसरं मनोजचं. मनोज माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा आहे, दहावी झालेला, हात अगदी स्थिर. त्या मालाला माझं रीडिंग बासष्ट होतं, त्याचं एकसष्ट. दोन्ही जुळली म्हणून माल गेला. चौकशी लागली तेव्हा मी त्याच्या टेबलावरचे चिटोरे बघितले. एकावर अठ्ठेचाळीस लिहून खोडलं होतं.

मी त्याला सगळ्यांसमोर झापलं. तू मला ओळखतेस, मी झापायला लागले की थांबत नाही. म्हटलं, दुसरं रीडिंग कशासाठी असतं, पहिल्याची आरती करायला? त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “मॅडम, माझं आठ्ठेचाळीसच आलं व्हतं. पन तुमचं बासष्ट बगितलं. तुमी शिकल्याल्या. तुमचं चुकंल कसं? माझाच हात हालला आसंल.”

नमुना पुन्हा मोजला. अठ्ठेचाळीस. मी थंड रंग तसाच कपात भरला होता, म्हणून तो हळू गळला. दोष माझा, पण चार दिवस घरी बसायची पाळी मनोजवर आली, कारण त्याने आकडा बदलला आणि मी फक्त चुकले. मी साहेबांना सांगितलं, मलाही बसवा. ते म्हणाले, मॅडम, तुमच्याशिवाय लॅब कोण बघणार.

आता पुण्याचं. जानेवारीतला तो रविवार, पाकिटं मंगळवारी उघडायची होती. तू कोंढव्याला मावसबहिणीच्या मेंदीला गेली होतीस. दुपार होती. तुझं पाकीट टेबलावर होतं, चिकटवलेलंही नव्हतं, नुसतं दुमडलेलं. मी उघडलं. सहाशे.

माझं पंचेचाळीस होतं, सिद्रा.

पाचशे ऐंशी नाही. पंचेचाळीस. मी तो आकडा तीन आठवडे वेगवेगळ्या वाटांनी काढला होता, आणि प्रत्येक वेळी तो पंचेचाळीसच्या आसपासच आला होता. आणि तुझ्या कागदावर सहाशे बघितल्यावर मला एका क्षणासाठीसुद्धा असं वाटलं नाही की तू चुकली असशील. हे तुला समजणार नाही. अकरावीत मी कशेळ्याहून कर्जतच्या कॉलेजात आले तेव्हा वर्गात सर इंग्रजीत काय म्हणतात ते तू मला वहीच्या कोपऱ्यात लिहून दाखवायचीस. पाच वर्षं माझं आणि तुझं उत्तर वेगळं आलं की माझंच चुकलेलं असायचं. आमच्या शाळेत आम्ही सगळे एकच युक्ती करायचो: पुस्तकाच्या मागचं उत्तर आधी बघायचं, आणि मग पायऱ्या वाकवत वाकवत गणित तिथे नेऊन पोचवायचं. कुणाला त्यात चोरी वाटत नसे. उत्तर आलं ना, मग शाबास.

त्या दुपारी मी तेच केलं. ठिपक्याशेजारची ती लहान दीर्घिका आठवते? तू ती समूहातली धरलीस आणि तिला भरपूर वजन दिलंस. माझ्या मते तिचा रंग वेगळा होता. ती समूहाच्या पुष्कळ अलीकडे, एकटी आणि हलकी होती. मी तिचं वजन वाढवत गेले. जास्तीत जास्त वाढ देणारी रेघ सरकत सरकत आपल्या ठिपक्यावर आली आणि आकडा फुगला. सहाशेवर पोचायच्या आधी थांबले. दोघींचा आकडा तोच आला तर कॉपी दिसते, थोडा फरक ठेवायचा, हेही शाळेतच शिकले होते.

म्हणून मी सरांपुढे भांडले नाही. तुला वाटलं असेल हर्षला भिडस्त आहे, बिचारी. मला नाव मागायला तोंड नव्हतं. चोराच्या मनात चांदणं. आणि पुण्याहून परत आल्यावर मात्र मी गावभर सांगत फिरले की सिद्राने मला फसवलं, माझं काम खाल्लं. आईला सांगितलं, मामाला सांगितलं, हमिदा चाचींना सोडून सगळ्यांना सांगितलं. ते खोटं नव्हतं, पण अर्धं होतं, आणि अर्ध्याने माझी तीन वर्षं चांगली गेली.

माझ्या पहिल्या नकाशाने आणखी एक गोष्ट सांगितली होती. आपला ठिपका म्हणजे एकमेकांना चिकटलेली दोन प्रतिबिंबं; वाढ पंचेचाळीस पट असेल तर त्याच वस्तूचं तिसरं प्रतिबिंब समूहाच्या दुसऱ्या अंगाला, खाली डावीकडे पडायला हवं, नऊ-दहा पट अंधुक. तेव्हाच्या चित्रात तितकं अंधुक दिसायची सोय नव्हती. मी वहीत त्या जागी फुली मारून लिहिलं होतं, ‘इथे दिसेल.’ सहाशे पट असती तर ते प्रतिबिंब आपल्या जन्मात कुणाला दिसलं नसतं. त्या गटाचं चित्र मी लॅबच्या कॉम्प्युटरवर उघडलं आणि वहीतली मापं लावली. ठिपका फुलीवर आहे.

म्हणजे मागे पहिला तारा नाही. हजारो ताऱ्यांचा एक साधा पुंजका आहे. वर्णपटात प्राणवायूची रेघ दिसली नाही म्हणून आपण नाचलो होतो. ती तिथे नव्हती असं नाही, आपली नजर तिच्यापर्यंत पोचली नव्हती. तुझ्या ठिपक्यासाठी पुढच्या वर्षी दुर्बिणीचे चाळीस तास राखून ठेवलेत, हे मला त्या गटाच्या लेखातून कळलं. ते तास कुणाकडून तरी काढून घेतलेले आहेत. तीही कुणी तरी आपल्यासारखीच असेल.

त्या दोन ओळींवर मी सही का करत नाही ते आता तुला कळलं. हे सगळं मी आधी तुला सांगतेय, दुसऱ्या कुणाला नाही. तूच त्यांना लिही. पेपर मागे घे, माझ्या नावासकट काय घडलं ते लिही. तू लिहिलंस तर तुझी अब्रू राहील. शास्त्रज्ञ चुकतात, चूक कबूल करणाऱ्याला कुणी हाकलत नाही. पहिली फाईल आणि वहीचं पान दोन्ही माझ्याकडे आहेत. मागशील तेव्हा पाठवीन.

मला तुझी भीती वाटतेय हे लिहायला लाज वाटते. पण वाटतेय.

हर्षला


कशेळे
६ डिसेंबर २०२५

सिद्रा,

तुझी ईमेल मी इतक्या वेळा वाचली की पाठ झाली. आधी तुझी बाजू लिहिते, म्हणजे मी ती समजून घेतली नाही असं तू म्हणणार नाहीस.

तुझा करार जानेवारीत संपतो. पंधरा तारखेला नोकरी मिळाली नाही तर व्हिसा संपेल आणि तुला परत यावं लागेल. तुझ्या वयाचे, तुझ्या रंगाचे, तुझ्या नावाचे तिथे किती जण टिकतात हे मला इथे बसून कळायचं नाही, असं तू लिहिलंस. खरं आहे, कळायचं नाही. तू लिहिलंस की मी त्याच मंगळवारी तोंड उघडलं असतं तर पेपर निघालाच नसता. मी गप्प बसले आणि वर तीन वर्षं तुझ्या नावाने बोटं मोडली. हेही खरं. माझ्या डोळ्यातलं मुसळ मला मनोजने दाखवलं, तू दाखवलं असतंस तरी दिसलं नसतं.

पण मग तू लिहिलंस की माझ्या फाईलवरची वेळ तू त्याच आठवड्यात पाहिली होतीस. पाकिटं उघडायच्या दोन दिवस आधी, रविवारी दुपारी, मी नकाशा बदलला हे तुला ठाऊक होतं. तू लिहितेस, ‘मला वाटलं तुला तुझी चूक सापडली असेल, म्हणून विचारलं नाही.’ सिद्रा, ज्या घरात दुसऱ्याची चिठ्ठी बघितली तर परत मापायला लावतात त्या घरातली तू. तुला नुसतं वाटलं? एकदा विचारलं असतंस तर मी तिथल्या तिथे रडले असते आणि सगळं सांगितलं असतं. तू विचारलं नाहीस कारण जुळलेला आकडा तुला हवा होता. त्या खोलीत चोर मी एकटी नव्हते.

आणि मग ते वाक्य. ‘हर्षला, तुझा नकाशा बरोबर होता, म्हणूनच ती वही सध्या कुणाला दाखवू नकोस, पंधरा तारखेनंतर मी स्वतः लिहीन.’

तुझ्या तोंडून ‘हर्षला, तुझं बरोबर होतं’ हे ऐकायला मी अकरावीपासून थांबले होते. तू ते म्हणालीस तेव्हा एका दमात गप्प बसही म्हणालीस. मी बाबांना मराठीत वाचून दाखवलं. बाबा ओट्यावर भात वारवत होते. ते म्हणाले, “पंदरानंतर ती नाय लिवणार. तिला नोकरी लागली का मंग तर आजूनच नाय.” माझे बाबा सहावी शिकलेत.

मी आठ दिवस थांबले. तू मन बदलशील म्हणून थांबले, देवाशपथ. तुझी फक्त एक ओळ आली, परवा: ‘सहीचं काय?’

काल दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी मेल पाठवली. मासिकाच्या संपादकांना, त्या दुसऱ्या गटाला, सरांना आणि तुला. पहिली फाईल, बदललेली फाईल आणि वहीच्या पानाचा फोटो. मी तुझं पाकीट उघडलं आणि माझा आकडा तुझ्या आकड्याला जुळवला, हे सरळ लिहिलं. तुला फाईलची वेळ दिसली होती हे लिहिलं नाही. ते लिहायचं की नाही ते तुझं तू बघ. साहेबांनाही सांगितलं, कारण दुसऱ्याचं बघून आकडा बदलणारी बाई लॅबमध्ये ठेवायची का, हे त्यांनी ठरवायला हवं. मनोजला चार दिवस बसवलं होतं. मला किती ते सोमवारी कळेल.

संध्याकाळी चौकला उतरले. चाचांना फलकवाल्यांकडून किंवा झैदकडून कळलेलं मला चाललं नसतं. अब्रार एका टेंपोची काच बसवत होता, त्याला बाहेरच ठेवून मी आत गेले आणि स्टुलावर बसून सगळं सांगितलं. पाकीट, सहाशे, पंचेचाळीस, तिसरा ठिपका. पंधरा तारीख. सत्कार. माझं संपल्यावर त्यांनी विचारलं की आकडा पुन्हा मापून बघितला का. मी म्हटलं, सात वेळा. मग विचारलं, सिद्राला ती नोकरी आता मिळेल का. मी म्हटलं, बहुतेक नाही.

ते बराच वेळ टेप उघडत आणि मिटत राहिले. मग म्हणाले, “येक सांग. खोटं नको बोलूस. ही मेल तू खरं हाय म्हनून धाडलीस, का सिद्रावरच्या रागानं?”

मी तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटले. त्यांनी पुन्हा विचारलं. मी म्हटलं, “रागानं पन.”

त्यांनी मान हलवली. हमिदाला हे मी सांगीन, तू घरी जाऊ नकोस, म्हणाले. मग म्हणाले, दुकानातही आता येऊ नकोस, बेटा. बेटा म्हणाले आणि येऊ नकोसही म्हणाले. अब्रारने मला जीपपर्यंत सोडलं नाही. पूर्वी सोडायचा.

जीपमध्ये मी त्यांच्या प्रश्नाचंच गणित करत बसले. पहिल्या पत्रात मी तुला टोमणे मारले तेव्हा राग होता. आभारातल्या त्या ‘ह’चा राग होता, खिडकीबाहेर बघणाऱ्या तुझ्या मानेचा होता, फलकाचा होता, माझ्या जीपचा आणि तुझ्या सायकलच्या फोटोंचा होता. तू चौकला परत आलीस तर मला वाईट वाटेल, आणि थोडं बरंही वाटेल, हे मी तुझ्या वडिलांना सांगितलं नाही, तुला सांगतेय. यातलं जे जे काढता येईल ते सगळं मी काढून बघितलं, तुझ्या-माझ्यासकट. राग वजा केला तरी आकडा पंचेचाळीसच येतो.

हर्षला बुधाजी म्हसे